बारा नंबरची

प्रिय,

तुझं नाव वर घातलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे. हे पत्र तू समितीत वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, आणि तुला न विचारता तुझं नाव चारचौघांत न्यायचं नाही एवढी शिस्त मी उशिरा का होईना लावून घेतली आहे. या पत्रात आपल्यातल्या कुणाचंच नाव येणार नाही. नाव घ्यायचं तर आधी तिला विचारायचं. आणि एकदा लिहायला घेतलं की पूर्ण लिहायचं.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. स्मरणिकेसाठी आपल्या हँडबॉल क्लबचा इतिहास लिहायचं काम तुझ्या गळ्यात मारलं, आणि तीन महिने फिरून तुझ्या हाती लागलं काय, तर करंडकांचे फोटो, अध्यक्षांची यादी, आणि स्थापनेच्या वर्षावरून भांडणाऱ्या दोन पार्ट्या. एकीचं म्हणणं नोंदणी झाली ते वर्ष. दुसरीचं म्हणणं, मुलींनी पहिल्यांदा फक्की मारून मैदान आखलं ते वर्ष. अगं, दोन्ही लिही आणि पुढे जा. यात तीन महिने कसले घालवतेस!

तुझा दुसरा प्रश्न, करंडक इतके कमी आहेत, मग लिहिण्यासारखं आहे काय? हा प्रश्न तुझा नाही. कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलाय आणि तू तो इमानाने माझ्यापर्यंत आणलास. नॉर्वेच्या व्हायपर्स क्रिस्टियानसांडने २०२१, २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ तीन वर्षं महिलांची युरोपीय चॅम्पियन्स लीग जिंकली. जानेवारी २०२५ मध्ये तो क्लब दिवाळखोरीत निघाला. कपाटभर करंडक असून नसून सारखे. तेव्हा आपलं कपाट अर्धं रिकामं आहे म्हणून लाजू नकोस, आणि ते भरलेलं दाखवायला जिल्ह्याच्या पातळीवरचं तिसरं बक्षीस मोठ्या अक्षरांत छापू नकोस.

मला हलवलं ते पत्राच्या शेवटच्या ओळीने. सगळं लिहून झाल्यावर, जाता जाता विचारावं तसं तू विचारलंस: 'ताई, या फोटोतल्या सगळ्यांची नावं मिळाली, बारा नंबरची कोण?'

तुझा इतिहास त्या ओळीपासून सुरू होतो. त्याच्या आधीचं तुझं सगळं पत्र ही प्रस्तावना.

नाव लिही. मी हे या पत्रात दहा वेळा म्हणणार आहे, कंटाळा आला तरी वाच. प्रत्येकीचं नाव लिही, बाकावर बसलेलीचं, वेळ लावणारीचं, फक्की मारणारीचं. नंबर नको, 'व इतर खेळाडू' तर अजिबात नको. या तीन शब्दांनी बायकांचे जितके संघ गिळले असतील तितके कुठल्या प्रतिस्पर्ध्याने हरवले नसतील.

समितीला पहिलं पान 'हँडबॉलचा उगम' हवंय असं तू लिहिलंस. द्यायचंच असेल तर नीट दे. २९ ऑक्टोबर १९१७ रोजी बर्लिनमध्ये मॅक्स हायझर यांनी या खेळाचे नियम ठरवून दिले, आणि ते बायकांसाठी दिले. धक्काबुक्की नाही, अंगाला अंग लावायचं नाही. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, कार्ल शेलेन्त्स यांनी त्यात धक्काबुक्की आणली, म्हणजे पुरुषांनाही खेळावंसं वाटेल. मग काय, खेळ पुरुषांचाच झाला! पुरुषांचं हँडबॉल १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकला मोकळ्या मैदानावर आलं, १९७२ ला म्युनिकमध्ये बंदिस्त कोर्टावर आलं. ज्यांच्यासाठी नियम लिहिले त्या बायकांना ऑलिम्पिकचं दार उघडलं १९७६ साली, माँट्रियलला, आणि तेही फक्त सहा संघांसाठी. हायझर आणि शेलेन्त्स ही दोन नावं खेळाच्या इतिहासात पक्की बसली आहेत. पहिल्यांदा चेंडू हातात घेतलेल्या बायकांची नावं तशी बसलेली नाहीत. उगमाच्या पानावर एवढं एक वाक्य माझ्या आग्रहाखातर घाल.

क्लबांच्या नावांचंही बघ. ऑस्ट्रियाचा हिपो नीडरऑस्टराइख, १९८९ ते २००० या काळात आठ वेळा युरोपचा विजेता. यातलं हिपो हे बँकेचं नाव. हंगेरीच्या ग्यॉरच्या क्लबच्या नावात मोटार कंपनी बसली आहे. कंपनीचं मला वावडं नाही, बूट आणि प्रवासखर्च हवेतून येत नाही, आपणही जर्सीच्या पाठीवर काय काय मिरवलं ते फोटोत दिसेलच तुला. पण पैसे देणाऱ्याचं नाव कुणी कधी अर्धवट छापलंय का? आपल्या जुन्या अहवालांत अध्यक्षांचं नाव पदवीसकट, वडिलांच्या नावासकट, आणि खाली आम्ही: 'संघात एकूण बारा मुली होत्या.'

आणि बायकांच्या क्लबचा इतिहास लिहिताना एक गोष्ट अशी आहे, जी पुरुषांच्या क्लबवाल्याला कधी नडत नाही. मुलीचं नाव मध्येच बदलतं. तुला जुन्या कागदांत एक लेफ्ट बॅक सापडेल, चार वर्षं गोलमागून गोल, आणि एकदम नाहीशी. पुढच्या हंगामात दुसरीच कुणीतरी लेफ्ट बॅक, आल्या आल्या तितकेच गोल. तू लिहिणार, 'जुनी गेली, नवी आली.' अगं, तीच ती. लग्न झालं तिचं.

हे फक्त आपलंच नाही. कीव्हच्या स्पार्टाकची झिनाइदा तुर्चिना, सगळं जग तिला याच नावाने ओळखतं. १९७६ आणि १९८० ची ऑलिम्पिक सुवर्णपदकं तिच्या नावावर आहेत, १९८८ चं कांस्यही. तिचा क्लब १३ वेळा युरोपियन कप जिंकला आणि १९६९ ते १९८८ अशी सलग वीस वर्षं सोव्हिएत विजेता राहिला. पण इगोर तुर्चिन या प्रशिक्षकाने तिला शाळकरी वयात हेरलं तेव्हा ती स्तोलितेन्को होती. लग्न त्याच्याशीच झालं, म्हणून आडनाव प्रशिक्षकाचं लागलं. १९९३ मध्ये बुखारेस्टला सामना चालू असताना तुर्चिनना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. त्यांच्यामागे संघ तिनेच सांभाळला. आता 'तुर्चिन यांचा स्पार्टाक' असं कुणी म्हटलं तर त्यात ती आहे की नाही, तूच ठरव. मी मात्र दोन्ही आडनावं लिहिते.

हंगेरीवाल्यांची पद्धत मला त्यातल्या त्यात बरी वाटते. १९७६ ला कांस्य जिंकणाऱ्या त्यांच्या संघात एक होती मेगेरिने पाचाइ मार्ता. त्यांच्यात आडनाव आधी येतं. 'ने' म्हणजे बायको, म्हणजे मेगेरीची बायको, आणि त्याच्याच शेजारी माहेरचं पाचाइ, मग मार्ता. नवऱ्याची मालकी पहिल्या शब्दात आहे हे खरंच, त्यावर वाद घालायला मी तयार आहे. पण कागद चाळणाऱ्याला धागा तुटत नाही. तुझ्या यादीत तू दोन्ही आडनावं लिही. समितीतला कुणी म्हणेल जागा जास्त जाते. त्याला म्हणावं, अध्यक्षांच्या फोटोतून काढा.

अजून एक सांगते, मग आपल्या कामाकडे येते. २००९ मध्ये त्याच हिपो क्लबचे गुन्नार प्रोकॉप, क्लब उभा करणारा माणूस, फ्रान्सच्या मेत्झविरुद्धच्या सामन्यात अगदी अखेरच्या क्षणी स्वतः कोर्टात घुसले आणि पळत निघालेल्या खेळाडूला आडवे गेले. प्रशिक्षकाने! युरोपीय महासंघाने त्यांच्यावर बंदी घातली, दंड केला. ती गोष्ट हँडबॉलवाल्यांत कुठेही काढ, 'हो हो, प्रोकॉप' म्हणतील. ती पळणारी कोण होती? स्वेतलाना ओग्न्येनोविच. गोल करायला निघाली होती ती, आणि लक्षात राहिला तो.

आता स्कोअरशीट. तू पाहिली असशील, पण एकदा माझ्या डोळ्यांनी बघ. डावीकडे नंबर, मग नाव, मग गोल, मग पिवळं कार्ड, दोन मिनिटं बाहेर बसायची शिक्षा, लाल कार्ड. पूर्वी एका संघाच्या बारा ओळी, पुढे चौदा झाल्या, आता सोळा. बाकावरच्या प्रशिक्षक-व्यवस्थापकांना ए, बी, सी, डी. गोल केलास की तुझ्या नावापुढे खूण. कुणाला ढकललंस की खूण. पण चेंडू अडवलास तर? त्याला रकानाच नाही. मोठ्या स्पर्धांत सेव्ह मोजतात ते वेगळ्या कागदावर. आपल्या मैदानावर कोण मोजणार होतं? साठ मिनिटं गोलपोस्टमध्ये उभी राहून तू वीस चेंडू अंगावर घेतलेस आणि भांडण न करता खेळलीस, तर सामना संपल्यावर तुझी ओळ तशीच्या तशी कोरी. वाचणाऱ्याला वाटावं, ही आलीच नव्हती.

मी अकरा वर्षं गोलकीपर होते. माझ्या सगळ्या ओळी कोऱ्या आहेत. एका सामन्यात मात्र दोन मिनिटांची शिक्षा झाली होती, त्याची खूण आहे. तेवढाच माझा लेखी पुरावा!

म्हणजे तुला वाटेल, हिला नावांचं एवढं का लागलंय ते कळलं. नाही कळलं. थांब.

तू लिहिलंस, 'ताई, तुमची निकालांची वही किती सुंदर आहे.' आहेच ती सुंदर. तारीख, प्रतिस्पर्धी, गोल, विजय की पराभव, सगळं एका ओळीत, लाल-निळ्या शाईने. खेळणं सुटल्यावर चिटणीस झाले तेव्हा महिनाभर रात्री जागून चौदा वर्षांचे निकाल मी त्यात उतरवले. कशावरून? मूळ स्कोअरशीटवरून. कार्बनच्या प्रती होत्या, एक ट्रंक भरून, प्रत्येक प्रतीवर बारा नावं. वही पूर्ण झाली आणि ती ट्रंक मी रद्दीत घातली. मी स्वतः. कपाट करंडकांना हवं होतं, समितीचा लकडा होता, ट्रंकेच्या तळाला वाळवी लागायला सुरुवात झाली होती, आणि मला वाटलं, निकाल उतरवले, आता राहिलं काय? कुणी एक जण मदतीला नव्हतं. नोकरी, घर, संध्याकाळी मुलींचा सराव, आणि वर हे. तू माझ्या जागी असतीस तर तूही तेच केलं असतंस.

कदाचित नसतं केलंस. तू बारा नंबरची कोण म्हणून विचारतेस.

आता ऐक. तू लिहिलंस, 'कात्रणात वाचलं, शेवटच्या मिनिटाला तुम्ही सेव्हन मीटर अडवलीत, अंगावर काटा आला.' ते कात्रण खोटं आहे. ती सेव्हन मीटर, म्हणजे सात मीटरवरून मारायची पेनल्टी, मी अडवली नाही.

आम्ही एका गोलने पुढे होतो. मिनिटभरही उरलं नसेल. आमच्या पिव्होटने गोलसमोरच्या डीच्या आत उभं राहून त्यांच्या मुलीला अडवलं, पंचांनी सेव्हन मीटर दिली, रास्तच होती. माझा त्या सामन्यात सेव्हन मीटरला हात पोचत नव्हता, तीन खाल्ल्या होत्या. सरांनी बाकाकडे बघून बोट केलं. मी बाहेर आले, बारा नंबरची आत गेली. त्या हंगामात ती एकूण किती मिनिटं खेळली असेल, सांगता येत नाही, पण फार नाही. मी नेहमी गोलरेषेवर उभी राहायचे. ती तरातरा पुढे आली, थेट चार मीटरच्या त्या छोट्या रेषेपर्यंत, जिथवर गोलकीपरला यायची मुभा असते. दोन्ही हात वर. मारणारीला समोर जागाच दिसेना. तिने चेंडू खाली मारला आणि तो हिच्या गुडघ्यावर बसला. साडेतीनशे ग्रॅमचा चेंडू तीन मीटरवरून गुडघ्यावर बसल्याचा आवाज मला बाकावर ऐकू आला. ती पडली, उठली, गुडघ्याला फक्की लागून तो पांढरा झाला होता आणि त्यातून रक्त यायला लागलं होतं. जर्सीच्या कडेने तिने तो पुसला आणि बाहेर आली. मी परत आत गेले. शिट्टी वाजली तेव्हा गोलपोस्टमध्ये मी होते. सगळ्या धावत आल्या त्या माझ्याकडे.

वार्ताहराने एक नंबर बघितला आणि माझं नाव घातलं. चूक त्याची. मी त्याला काही सांगायला गेले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी 'ती मी नव्हे' हे सांगायलाही गेले नाही. दोन ओळींची दुरुस्ती छापतं कोण? शिवाय ती स्वतः काही बोलली नाही. कात्रण क्लबच्या फळ्यावर आठ दिवस होतं, ती त्याच्यासमोरून रोज गेली. पुढच्या महिन्यात निवड चाचणी होती. त्या अर्जाला मी ते कात्रण जोडलं. निवड कात्रणावर झाली नाही, हेही लिहून ठेव, चाचणीत मी खरोखर चांगली खेळले होते. पण जोडलं.

वर्ष संपायच्या आत तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती गेली. स्कोअरशीटवर तिच्या ओळीत काही नव्हतं. नाव तेवढं होतं. ते नाव ट्रंकेत होतं, आणि ट्रंक मी घालवली. आता तू फोटो पाठवून विचारतेस ती कोण, तर मला तिचा गुडघा आठवतो, केस कसे बांधायची ते आठवतं, नाव आठवत नाही. तिसऱ्या रात्री उठून बसले तरी आठवत नाही.

म्हणून म्हणते, नाव लिही. आज लिही. समिती काय म्हणते ते नंतर बघू.

कात्रण स्मरणिकेत छापणार असशील तर खाली दुरुस्ती छाप. माझं नाव खोडून नको, तसंच राहू दे आणि खाली लिही की हे चूक आहे, हे तिनेच सांगितलं. तेवढं श्रेय मला चालेल.

फुटून गेलेल्या पाच जणींचं प्रकरण गाळायचा समितीचा विचार आहे म्हणालीस. त्यांची नावं यादीत पाहिजेत, किती हंगाम खेळल्या त्यासकट. भांडण कशावरून झालं ते चार ओळींत लिही, कोण बरोबर ते लिहू नकोस. मी त्यांच्याशी वर्षभर बोलले नव्हते, हवं तर तेही घाल.

आणि एक जण तुला नाव लिहू देणार नाही. मला आधीच भेटली. अर्धा तास फोनवर समजावलं. ती म्हणाली, 'मी खेळायचे हे माझ्या घरात कुणाला माहीत नाही, आता या वयात कशाला?' मी म्हटलं, या वयातच तर. तिने फोन ठेवला. तिची ओळ मोकळी सोड, तिचा हक्क आहे. मला पटलेलं नाही, पण मी घालवलेली ट्रंक आणि तिने झाकलेलं नाव यात फरक आहे एवढं मला कळतं.

लिहिताना घाबरतेस असं तुझ्या अक्षरावरून वाटलं. घाबर, पण वेळ काढू नकोस. त्या संघातल्या दोघी गेल्या. एकीला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत, तरी गेल्या महिन्यात भेटायला गेले तेव्हा तिने माझा हात धरून बोटं दाबून पाहिली, गोलकीपरची वाकडी करंगळी सापडल्यावर सोडला. तिच्याकडे या आठवड्यात जा. फोटो मोठा करून ने.

मी स्वस्थ बसलेले नाही. काल रात्री आमच्या पिव्होटला फोन लावला. ती म्हणते, बारा नंबरची डावखुरी होती, आणि एक नाव सांगितलं तिने. लेफ्ट विंग म्हणते, ते नाव नव्हेच, दुसरंच होतं. दोघी हट्टी, तेव्हाही एकमेकींना पास द्यायच्या नाहीत. राइट विंगचा नंबर मिळालाय, उद्या सकाळी लावते. तोवर फोटोखाली बारा नंबरची ओळ आखून ठेव. जरा लांब आख, दोन्ही आडनावं मावली पाहिजेत.

तुझी,
एक नंबरची